तांब्या, तारा आणि लिथियमचा ढग

अतिशीत वायूंविषयी मराठीत जे छापून येतं त्याचा साचा ठरलेला असतो. शास्त्रज्ञांनी काही अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेले, तिथे त्यांची धावपळ थांबली, सगळे अणू एकरूप झाले आणि घर्षण संपलं. शेजारी सोनेरी झुंबरासारख्या यंत्राचं छायाचित्र आणि खाली ओळ: ‘अंतराळापेक्षाही थंड’. मी कोरमंगलात राहतो. इथे क्वांटम तंत्रज्ञानाच्या गप्पा आता कॉफीच्या टेबलांवर रोजच्या झाल्या आहेत, आणि तिथेही मोठेपणाचं माप हेच दिसतं: कुणी किती थंड केलं.

हे माप उथळ आहे. फर्मिऑन जातीच्या कणांच्या वायूत अतिप्रवाहिता, म्हणजे सुपरफ्लुइडिटी, केवळ थर्मामीटरवरचा आकडा लहान झाल्याने येत नाही. ती दोन गोष्टींवर ठरते. कणांच्या गर्दीतून जी ऊर्जा आपोआप उभी राहते तिच्या तुलनेत तापमान किती, ही पहिली. आणि त्या कणांना एकमेकांची ओढ किती, ही दुसरी. ही दोन मापं हाती धरली की एरवी वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या गोष्टी शेजारी येऊन बसतात. केल्विनच्या कोटीव्या भागाइतक्या तापमानाचा लिथियमचा वायू आणि दहा कोटी केल्विनचा न्यूट्रॉन तारा एकाच घरातले ठरतात. स्वयंपाकघरातला तांब्याचा तांब्या मात्र, योग्य मापाने त्या वायूहून थंड असूनही, त्या घरात शिरू शकत नाही. हे दावे मी पायरीपायरीने मांडतो.

पहिली पायरी: थंड, पण कशाच्या तुलनेत?

निसर्गातले कण दोन स्वभावांचे असतात. बोसॉन एकाच अवस्थेत कितीही राहू शकतात. फर्मिऑनला ते चालत नाही. एका अवस्थेत एकच. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे फर्मिऑन, आणि अशा कणांची विषम बेरीज असलेला अणूसुद्धा फर्मिऑन. लिथियम-६ या अणूत तीन प्रोटॉन, तीन न्यूट्रॉन आणि तीन इलेक्ट्रॉन असतात, एकूण नऊ. म्हणून तो फर्मिऑन.

पंगत डोळ्यांसमोर आणा. एका पानावर एकच माणूस बसतो. पहिली पानं भरली की पुढच्याला पुढचं पान. माणसं जितकी जास्त, तितकं शेवटचं पान लांब. फर्मिऑनच्या बाबतीत ही पानं म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या. कितीही थंड करा, सगळेच्या सगळे खालच्या पातळीवर येऊन बसू शकत नाहीत. कुणालातरी वरच्या पानावर बसावंच लागतं. शेवटच्या भरलेल्या पानाची ऊर्जा ती फर्मी ऊर्जा, आणि तीच तापमानाच्या भाषेत सांगितली की फर्मी तापमान. गर्दी जितकी दाट आणि कण जितका हलका, तितकं हे तापमान चढं.

यातून पहिली गोष्ट सरळ निघते. ‘शून्याजवळ धावपळ थांबते’ हे फर्मिऑनच्या बाबतीत खोटं आहे. निरपेक्ष शून्यालासुद्धा मुक्त फर्मिऑनची सरासरी ऊर्जा फर्मी ऊर्जेच्या तीन-पंचमांश उरतेच. ती गर्दीने दिलेली ऊर्जा आहे, उष्णतेने दिलेली नव्हे, म्हणून थंड करून ती काढून घेता येत नाही.

आता ओट्यावरचा तांब्या उचलून पाहा. त्याच्या धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांची प्रचंड दाटी आहे. त्यांचं फर्मी तापमान सुमारे ८०,००० केल्विन येतं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या तेरापटींहून जास्त. तांब्या हाताला गार लागत असताना त्याच्या आत सर्वांत वरच्या पानावरचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने धावत असतात. खोलीचं तापमान ३०० केल्विन. तापमानाला फर्मी तापमानाने भागलं की उत्तर येतं ०.००४ च्या आसपास.

हाच भागाकार प्रयोगशाळेतल्या लिथियम-६ च्या वायूचा करू. हा वायू आपल्या हवेपेक्षा सुमारे दहा लाख पट विरळ असतो. गर्दी इतकी कमी आणि अणू इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो पट जड, त्यामुळे त्याचं फर्मी तापमान केल्विनच्या दहा लाखाव्या भागाच्या घरात जेमतेम पोचतं, पुष्कळदा त्याच्याही खाली. तो वायू मोठ्या कष्टाने केल्विनच्या कोटीव्या भागाच्या आसपास आणला, तरी भागाकार ०.१ किंवा फार तर ०.०५ येतो. म्हणजे ज्या मापाने फर्मिऑनची खरी थंडी मोजायची, त्या मापाने ओट्यावरचा तांब्या त्या वायूहून दहा-वीस पट थंड आहे.

माझ्या मते हे उदाहरण शाळेतच दिलं पाहिजे. तापमान हा सुटा आकडा म्हणून शिकवला जातो आणि तो कशाशी ताडून पाहायचा हे राहून जातं.

दुसरी पायरी: नुसती थंडी पुरत नाही

तांब्या एवढा ‘थंड’ असेल तर त्यातून वीज विनारोध वाहायला हवी. ती तशी वाहत नाही. अगदी निरपेक्ष शून्याजवळ नेलं तरी तांबं अतिवाहक होताना आढळलेलं नाही, चांदी-सोन्याचंही तेच. उलट ॲल्युमिनियम १.२ केल्विनला अतिवाहक होतं, आणि १९११ साली हाइके कामरलिंग ओनेस यांना हा चमत्कार प्रथम दिसला तो ४.२ केल्विनच्या पाऱ्यात. अतिवाहकता म्हणजे विद्युतभार असलेल्या फर्मिऑनची अतिप्रवाहिताच. मग तांब्यात काय कमी पडतं?

कमी पडते ती ओढ. जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ मध्ये जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा असा: धातूच्या जाळीतून इलेक्ट्रॉनांना एकमेकांविषयी अगदी किंचित ओढ निर्माण झाली, तरी पंगतीच्या टोकाशी बसलेले इलेक्ट्रॉन जोड्या जुळवतात आणि सगळ्या जोड्या एका ठेक्यावर येतात. पण ओढ कमकुवत असेल तर हे घडायचं तापमान नुसतं कमी होत नाही, ते घातांकी वेगाने कोसळतं. ॲल्युमिनियममध्ये ते फर्मी तापमानाच्या लाखाव्या भागाइतकं आहे. हेलियम-३ या द्रवात, जिथे डेव्हिड ली, डग्लस ओशेरॉफ आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये अतिप्रवाहिता शोधली, ते हजाराव्या भागाच्या आसपास. ज्यांना आपण उच्च तापमानाचे अतिवाहक म्हणतो त्या तांब्याच्या ऑक्साइडांत शंभराव्या भागाच्या आसपास.

मुंबईतलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात अतिवाहकता दाखवली, ती ०.५३ मिलिकेल्विनला. बिस्मथमध्ये साधारण लाख अणूंमागे एकच मोकळा वाहक असतो. बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांताची एक मूळ अट अशी की जाळीची हालचाल इलेक्ट्रॉनांच्या मानाने फार संथ असावी. वाहक इतके विरळ असले की फर्मी ऊर्जा एवढी खाली येते की ही अट तुटते. म्हणून त्या शोधाचं मोल ०.५३ या लहान आकड्यात नाही. नेहमीचा हिशेब जिथे लागू पडत नाही तिथेही जोड्या जुळल्या, हे त्याचं मोल. बातम्यांमध्ये मात्र आकडाच पुढे राहिला.

तिसरी पायरी: ओढ हाताने फिरवता येते

धातूत ओढ जशी असेल तशी घ्यावी लागते. अतिशीत वायूचं खरं वैशिष्ट्य असं की तिथे ओढ चुंबकीय क्षेत्राने कमीजास्त करता येते. दोन अणू एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांच्या मोकळ्या अवस्थेची ऊर्जा एखाद्या बांधलेल्या रेणूच्या अवस्थेशी जुळवून आणली, की त्यांची आंतरक्रिया अनेक पटींनी वाढते. याला फेशबाख अनुनाद म्हणतात. लिथियम-६ साठी तो ८३२ गाऊसच्या आसपास येतो.

हे घडतं कसं, तेही जवळून पाहू. लिथियमचा तुकडा आधी भट्टीत काही शे अंश सेल्सिअसला तापवतात. बाहेर पडणाऱ्या अणूंच्या झोताला समोरून लाल लेझरचा मारा करून थोपवतात. मग उरलेला ढग प्रकाशाच्या सापळ्यात टांगून ठेवतात आणि सापळ्याची भिंत हळूहळू उतरवतात. सर्वांत तापलेले अणू काठावरून निघून जातात, उरलेले आपसांत आदळून अधिक थंड होतात. बशीत ओतलेला चहा असाच निवतो. ज्या पोलादी डब्यात हे सगळं चालतं तो हाताला थंड लागत नाही, त्याच्या भिंती खोलीइतक्याच उबदार असतात. थंड असतो तो मधोमध निर्वातात तरंगणारा, केसाच्या जाडीच्या हिशेबात मोजावा लागणारा ढग. बातमीशेजारी छापलेलं सोनेरी झुंबर वेगळ्याच यंत्राचं असतं.

बोल्डर, कोलोरॅडो इथे डेबोरा जिन आणि ब्रायन डीमार्को यांनी १९९९ मध्ये पोटॅशियम-४० चा वायू प्रथम फर्मी तापमानाच्या खाली नेला. २००४ च्या जानेवारीत जिन, सिंडी रेगल आणि मार्कस ग्रायनर यांनी फर्मिऑनच्या जोड्यांचं संघनन जाहीर केलं. जिन २०१६ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेल्या. या क्षेत्राला त्यांनी दिलेली शिस्त मोठी होती: तापमान नेहमी फर्मी तापमानाच्या तुलनेत सांगायचं.

अनुनादाच्या ऐन बिंदूवर एक विलक्षण गोष्ट होते. ओढीचा जोर ज्या लांबीने मोजतात ती अनंत होते, आणि अनंत लांबी हिशेबात वापरता येत नाही, म्हणून ती गणितातून गळूनच पडते. मागे उरतं फक्त दोन कणांमधलं सरासरी अंतर. अणू लिथियमचा की पोटॅशियमचा, याला मग अर्थ राहत नाही. एमआयटीतल्या मार्टिन झ्विअरलाइन यांच्या गटाने २०१२ मध्ये या बिंदूवर अतिप्रवाहितेचं तापमान मोजलं: फर्मी तापमानाच्या ०.१६७ पट. ॲल्युमिनियमच्या लाखाव्या भागाशी ताडून पाहा. समजा, तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांना एवढी ओढ असती, तर ते १३,००० केल्विनलाही अतिवाहक राहिले असते. तांबं त्याच्या कितीतरी आधी, २,८०० केल्विनच्या सुमारास उकळून जातं. इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार तशी ओढ होऊ देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण हिशेब दिशा दाखवतो. माणसाने बनवलेला हा अतिशीत फर्मी वायू योग्य मापाने ज्ञात फर्मी अतिप्रवाहींमधला सर्वांत ‘गरम’ अतिप्रवाही आहे.

चौथी पायरी: जोडी म्हणजे रेणू नव्हे

दुसरं एक सोपं स्पष्टीकरण सगळीकडे चालतं: दोन फर्मिऑन मिळून एक बोसॉन होतो, बोसॉन एका अवस्थेत जमतात, झालं. हेही अर्धं आहे. ओढ फार घट्ट असेल तेव्हा ते बरोबर. तिथे दोन अणूंचा नीट रेणू बनतो, फुगडी घालणाऱ्या दोघींनी हात घट्ट धरावेत तसा. पण ॲल्युमिनियममधली जोडी वेगळी असते. तिचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके लांब असतात, आणि त्या अंतरात इतर लाखो जोड्यांचे इलेक्ट्रॉन वावरत असतात. मंगळागौरीच्या भरल्या दिवाणखान्यात दोन मैत्रिणी दोन टोकांना, मध्ये शंभर जणी, तरी दोघींची पावलं एकाच ठेक्यावर पडताहेत, असं काहीसं. इथे कोण कुणाची जोडीदार हे वेगळं काढून दाखवताच येत नाही. समान असतो तो ठेका.

अँथनी लेगेट यांनी १९८० मध्ये दाखवलं की ही दोन टोकं एकाच वाटेवरची आहेत. ओढ वाढवत नेली की मध्ये कुठेही भिंत लागत नाही. पुढे १९९३ मध्ये सा द मेलो, मोहित रँडेरिया आणि एंगेलब्रेख्त यांनी या वाटेवर संक्रमण तापमान कसं बदलतं याचा हिशेब मांडला. रँडेरिया त्यानंतर अनेक वर्षं मुंबईत टाटा संस्थेत होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत व्यासनकेरे आणि विजय शेणॉय यांनी २०११ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. लेझरने अणूंचा वेग आणि त्यांचं स्पिन एकमेकांत गुंतवलं, तर ओढ कमकुवत असूनही घट्ट जोडी बांधली जाते, आणि त्या जोडीचे गुण ओढीवर अवलंबून न राहता त्या गुंतवणुकीवर ठरतात. त्या जोडीला त्यांनी राशबॉन असं नाव दिलं.  या कामाच्या केंद्रस्थानी जोडी कशी बांधली जाते हे आहे.

पाचवी पायरी: पुरावा कशाला म्हणायचं?

‘घर्षणाशिवाय वाहतं ते अतिप्रवाही’ ही व्याख्याही फसवी आहे, आणि क्षेत्रातले लोकसुद्धा इथे एकदा अडखळले. ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने २००२ मध्ये लिथियमचा लांबट ढग सापळ्यातून सोडला. तो लांबीच्या दिशेने जवळजवळ तसाच राहिला आणि आडवा भराभर फुगला. अतिप्रवाही असाच फुगेल, असं भाकीत होतं. पण लवकरच ध्यानात आलं की इतकी तीव्र आंतरक्रिया असलेला साधा वायूही, नुसत्या टकरींच्या जोरावर, तसाच फुगतो. सहज वाहणं हा पुरावा पुरेसा नव्हता.

निर्विवाद पुरावा मिळाला तो २००५ मध्ये, एमआयटीत, झ्विअरलाइन आणि वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाकडून. त्यांनी लेझरने ढग घुसळला. बादलीतलं पाणी घुसळलं की मध्ये एक खळगा पडतो. या ढगात डझनावारी लहान काळी भोकं उमटली, आणि ती त्रिकोणी जाळीत, सारख्या अंतरावर रचलेली होती. साधा द्रव वाटेल तसा फिरू शकतो. अतिप्रवाही फिरतो तो ठरावीक मापाच्या भोवऱ्यांनीच, आणि ते माप प्लांकचा स्थिरांक भागिले जोडीचं वस्तुमान एवढं असतं. दोन अणूंचं वस्तुमान, एकाचं नव्हे. भोवरे मोजले की जोड्या मोजल्यासारखंच. पुढे इन्सब्रुकमध्ये २०१३ साली आणि एमआयटीत २०२४ मध्ये या वायूत उष्णता लाटेसारखी मागे-पुढे जाताना टिपली गेली. अतिप्रवाहाचीच ती दुसरी खूण आहे. पण माझ्या लेखी भोवऱ्यांचं ते छायाचित्र पहिल्या मानाचं, कारण तशीच जाळी आकाशातही असायला हवी.

कोरमंगलातून दिसणारं दुसरं टोक

कोरमंगलाच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. तिचं मूळ १७८६ च्या मद्रास वेधशाळेपर्यंत जातं. वेणू बाप्पू यांच्या काळात, १९७५ मध्ये, ती बंगळुरूला आली. आजूबाजूच्या इमारतींत ‘अतिथंड’ हा शब्द मिरवत असताना या आवारातली माणसं लाखो-कोटी अंशांच्या ताऱ्यांचा अभ्यास करतात. दोन जगं वेगळी वाटतात. पण मेलेल्या ताऱ्यांचा विषय निघाला की हे वेगळेपण टिकत नाही.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात न्यूट्रॉनांची इतकी दाटी असते की त्यांचं फर्मी तापमान दहा हजार कोटी केल्विनच्या घरात जातं. ताऱ्याच्या आतलं तापमान दहा कोटी. भागाकार हजारावा भाग. न्यूट्रॉनांना एकमेकांची जोरदार ओढही असते, इतकी की ते अनुनादाच्या अगदी जवळ असल्यासारखे वागतात. दोन्ही अटी पुऱ्या होतात. म्हणूनच अर्काडी मिग्दल यांनी १९५९ मध्ये, एकही पल्सार (फिरता न्यूट्रॉन तारा) सापडलेला नसताना, अशा ताऱ्याचं अंतरंग अतिप्रवाही असेल असं लिहिलं. दहा कोटी अंशांचा अतिप्रवाह ‘शून्याजवळ सगळं शांत होतं’ या समजुतीत कुठेच बसत नाही. गुणोत्तराच्या हिशेबात तो अलगद बसतो.

बंगळुरूचा याच्याशी संबंध जुना आहे. वेला हा पल्सार सेकंदाला सुमारे अकरा वेळा फिरतो आणि सावकाश मंदावत जातो. १९६९ मध्ये तो अचानक किंचित वेगवान झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर व्ही. राधाकृष्णन आणि रिचर्ड मँचेस्टर यांना आढळलं. याच राधाकृष्णन यांनी १९७२ पासून रामन संशोधन संस्थेची धुरा सांभाळली, ते सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. वेगातल्या अशा अचानक उडीला ग्लिच म्हणतात. उडीनंतर तारा पूर्वपदावर यायला आठवडे लागतात. साधा द्रव कवचाशी क्षणात जुळवून घेतो, अतिप्रवाही घेत नाही. १९६९ मध्येच गॉर्डन बेम, ख्रिस्तोफर पेथिक, डेव्हिड पाइन्स आणि माल्विन रुडरमन यांनी हा संथपणा आतल्या अतिप्रवाहाची खूण म्हणून मांडला.

वेलासाठी भोवऱ्यांचा हिशेब कुणालाही करता येईल. फिरण्याचा वेग आणि दोन न्यूट्रॉनांचं वस्तुमान घेतलं की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सत्तर हजार भोवरे येतात. फिलिप अँडरसन आणि नाओकी इतोह यांनी १९७५ मध्ये सुचवलं की हे भोवरे कवचातल्या अणुकेंद्रांना अडकून बसतात. तारा मंदावतो, अतिप्रवाह मंदावू शकत नाही, ताण साचतो आणि एक दिवस भोवरे एकदम सुटतात. १२ डिसेंबर २०१६ रोजी टास्मानियातल्या दुर्बिणीने वेलाची अशी एक उडी चालू असतानाच पकडली. फिरण्याचा वेग दहा लाखांत सुमारे दीड भागाने वाढला होता.

बंगळुरूतून आलेली कल्पना याहून धाडसी होती. जी. श्रीनिवासन आणि दीपंकर भट्टाचार्य यांनी दोन सोव्हिएत सहकाऱ्यांसह १९९० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं की तारा मंदावताना भोवरे बाहेर सरकतात आणि आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या दोऱ्या सोबत ओढून नेतात, म्हणून जुन्या ताऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र ओसरतं. आज पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संशोधक नारायणगावाजवळच्या खोडदच्या जीएमआरटीवर आणि ऊटीच्या दुर्बिणीवर ग्लिचांची नोंद ठेवतात. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षमळ्यांमध्ये उभ्या असलेल्या त्या अँटेना जे टिपतात, त्यामागे अणुकेंद्रांना अडकलेले भोवरे असावेत.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: ‘शेवटी थंड करावंच लागतं ना?’ लागतं, आणि ते काम अतिशय कठीण आहे. ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण का लागतं ते पाहा. लिथियमची नैसर्गिक स्थिती धातूची. वायू म्हणून टिकवायचा तर तो विरळ ठेवावा लागतो. विरळ ठेवला की फर्मी तापमान कोसळतं, आणि मग त्याच्याही खाली उतरावं लागतं. ती थंडी विरळपणाची किंमत आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: ‘प्रयोगशाळेतला ढग आणि तारा यांची तुलना म्हणजे नुसती उपमा.’ इथे इतिहास बघावा. अनंत ओढ असलेल्या फर्मिऑनांची ऊर्जा मुक्त फर्मिऑनांच्या किती पट असेल, हा प्रश्न १९९९ मध्ये विचारला तो जॉर्ज बर्ट्श या अणुकेंद्र-शास्त्रज्ञाने, आणि विचारला तो न्यूट्रॉन द्रव्याच्या संदर्भात. त्याचं मोजलेलं उत्तर २०१२ मध्ये लिथियमने दिलं: ०.३७६. एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने आकड्यात उत्तर देणं हे उपमेच्या पलीकडचं आहे. अर्थात मर्यादा आहेत. न्यूट्रॉनांच्या ओढीचा पल्ला सुमारे २.७ फेम्टोमीटर, आणि ताऱ्याच्या दाटीत तो नगण्य धरता येत नाही. कवचात अणुकेंद्रांची जाळी असते, लिथियमच्या ढगात ती नसते. ती जाळी अतिप्रवाहाला इतकी धरून ठेवते की नुसत्या कवचातला अतिप्रवाह वेलाच्या उड्यांना पुरणार नाही, असा हिशेब २०१२ मध्ये मांडला गेला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. लिथियम ताऱ्याची जागा घेत नाही. ज्या गणिती पद्धती आपण ताऱ्यासाठी वापरतो त्या निदान एका ठिकाणी खऱ्या उतरतात की नाही, एवढं तो तपासून देतो. पृथ्वीवर ही तपासणी दुसरीकडे कुठे करणार?

तिसरा आक्षेप कोरमंगलात हमखास येतो: ‘याचा उपयोग काय?’ खोलीच्या तापमानाची अतिवाहक तार यातून मिळालेली नाही, आणि ती लवकरच मिळेल असं मी म्हणणार नाही. मिळालं आहे ते ०.१६७ हे गुणोत्तर. गर्दीने दिलेल्या ऊर्जेच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत अतिप्रवाहिता टिकू शकते, हे आता मोजून माहीत आहे. लाखावा किंवा शंभरावा भाग ही निसर्गाची कमाल मर्यादा नाही. चांगला अतिवाहक शोधणाऱ्याला याहून महत्त्वाची माहिती कोणती असेल, मला सुचत नाही.

मागणी

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, ६,००३.६५ कोटी रुपयांची, २०३०-३१ पर्यंतची. त्यातल्या चार केंद्रांपैकी एक बंगळुरूत विज्ञान संस्थेत आहे आणि एक मुंबईच्या आयआयटीत. हा पैसा तुमचा-आमचा आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रयोगाला, तो किती थंड आहे हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत थंड, आणि कणांची ओढ कुणाच्या हातात आहे? उत्तर देता आलं नाही, तर त्या थंडीचं कौतुक लांबणीवर टाका.

आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती. अकरावीच्या वर्गात कधीतरी फळ्यावर तीन ओळींचा तक्ता काढा. पहिल्या रकान्यात तापमान भागिले फर्मी तापमान, दुसऱ्यात अतिप्रवाही आहे का. लिथियमचा ढग, ०.१, हो. न्यूट्रॉन ताऱ्याचं कवच, ०.००१, हो. स्वयंपाकघरातला तांब्या, ०.००४, नाही. मग मुलांना विचारा, तांब्यात काय कमी आहे.